सापडणारे पत्र, हरवणारे पत्र : इनबॉक्समधल्या शोधाचा आढावा

भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत : भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, तहसील कार्यालये, पंचायत समित्या, शाळा-महाविद्यालये, आधारभूत किमतीने धान घेणाऱ्या संस्था, राइस मिल, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसरकडच्या मँगनीज खाणी, या सगळ्यांच्या कामातला बराच पत्रव्यवहार आता ई-मेलने होतो. पत्र पाठवणे क्षणाचे काम झाले आहे. सहा महिन्यांनी तेच पत्र पुन्हा हुडकून काढणे मात्र अजून सोपे झालेले नाही. वरिष्ठांचे स्मरणपत्र येते, त्यात जुन्या पत्राचा संदर्भ असतो आणि लिपिक हजारो मेलच्या यादीत वरपासून खालपर्यंत सरकत राहतो.

यावर दोन उपाय सांगितले जातात. पहिला असा की मेल आला की तो ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवावा. दुसरा असा की सगळे एकाच ठिकाणी राहू द्यावे आणि लागेल तेव्हा प्रेषक, तारीख, विषय, जोडपत्र यांचे फिल्टर लावून शोधावे. या दोहोंतला वाद तीस वर्षांहून जुना आहे आणि त्यावर चांगले संशोधनही झाले आहे. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या जिल्ह्यात या वादाला आणखी एक बाजू आहे. तिच्याकडे कमी लक्ष गेले आहे, म्हणून या आढाव्यात तिला जास्त जागा दिली आहे.

गठ्ठ्यांपासून इनबॉक्सपर्यंत

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांना कागद शोधण्याची शिस्त नवी नाही. आलेले टपाल बारनिशीत नोंदवायचे, त्याला आवक क्रमांक द्यायचा, संबंधित कार्यासनाच्या कार्यविवरण नोंदवहीत ते चढवायचे आणि सहा गठ्ठ्यांपैकी योग्य गठ्ठ्यात ठेवायचे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद, असे हे सहा गठ्ठे. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेखांची व्यवस्था नव्याने लावली. 'लखिना पॅटर्न' या नावाने ती राज्यभर माहीत झाली. या सगळ्या पद्धतींचा पाया एकच आहे : कागद हातात येतो तेव्हाच त्याची जागा ठरवायची.

ई-मेलने सुरुवातीला हीच रीत उचलली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या हॉटमेलमध्ये दोन मेगाबाइट जागा मिळत असे, त्यामुळे जुने मेल पुसत राहणे भागच होते. जे उरायचे ते थोडे असायचे आणि फोल्डरमध्ये मावायचे. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल आणले आणि एक गिगाबाइट जागा देऊ केली. काही पुसू नका, लावत बसू नका, शोधा, असा त्यांचा सांगावा होता. तिथे फोल्डरऐवजी लेबल आले, म्हणजे एकाच मेलवर अनेक चिठ्ठ्या लावता येऊ लागल्या, आणि पानाच्या वरच्या बाजूला शोधाची चौकट आली.

शोधाची कल्पना मात्र गूगलची नव्हे. सर्व्हरवरचे मेल वाचण्यासाठी मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप हा शिष्टाचार तयार केला. त्याच्या १९८८ च्या मसुद्यातच प्रेषक, विषय, मजकूर, अमुक तारखेआधी, अमुक तारखेपासून, न वाचलेले, असे निकष लावून मेल शोधण्याची आज्ञा होती. म्हणजे आपण आज वापरतो ते फिल्टर वर्ल्ड वाइड वेबपेक्षाही जुने आहेत.

फिल्टर काय पाहतो

इथे एक भेद ठेवायला हवा. काही फिल्टर मेल येताक्षणीच चालतात. 'या पत्त्यावरून आलेले सगळे धान खरेदीच्या लेबलखाली टाक' असा नियम एकदा लिहून ठेवला की तो आपोआप पाळला जातो. काही फिल्टर आपण शोधताना लावतो. हा आढावा मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा आहे.

शोधताना लावायचे फिल्टर दोन जातींचे असतात. एक जात मेलच्या पाकिटावरची माहिती पाहते : कोणी पाठवला, कोणाला, कधी, जोडपत्र आहे का, फाइलचे नाव काय, आकार किती. दुसरी जात आतले शब्द पाहते. त्यासाठी सेवा पुरवणारी यंत्रणा प्रत्येक मेलमधले शब्द सुटे करून त्यांची सूची आधीच बनवून ठेवते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते आणि शब्दापुढे पानांचे आकडे असतात, तशी ही सूची असते. शोधताना यंत्र मेल वाचत नाही, सूची पाहते. म्हणूनच ते क्षणात उत्तर देते आणि म्हणूनच सूचीत जे रूप नोंदलेले नाही ते त्याला दिसत नाही. जीमेल सर्वसाधारणपणे पूर्ण शब्द जुळवते, शब्दाचा तुकडा देऊन पूर्ण शब्द सापडेल याची खात्री नसते. शिवाय स्पॅम आणि ट्रॅश यांत ते आपणहून डोकावत नाही, तसे वेगळे सांगावे लागते. 'मेल आलाच नव्हता' असे म्हणण्याआधी तिथे पाहिले पाहिजे.

जीमेलच्या शोधचौकटीत उजवीकडे एक चिन्ह असते. ते दाबले की प्रेषक, विषय, तारीख, जोडपत्र यांचे रकाने उघडतात. तेच काम चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'फ्रॉम', 'सब्जेक्ट', 'आफ्टर', 'बिफोर' असे शब्द आणि पुढे विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊनही करता येते. तारीख तिथे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावी. आपल्याला उलट क्रमाची सवय असल्यामुळे इथे नेहमी गोंधळ होतो. नको असलेला शब्द वगळायला त्याच्या आधी वजाचे चिन्ह देतात. वजाबाकी जपून करावी. भंडारा शोधताना गोंदियाची पत्रे नकोत म्हणून 'गोंदिया' वगळले, तर 'भंडारा-गोंदिया' असा एकत्र उल्लेख असलेली पत्रेही जातील. हे दोन जिल्हे १९९९ च्या मे महिन्यात वेगळे झाले, पण लोकसभा मतदारसंघ अजून एकच आहे आणि कित्येक परिपत्रके दोघांना मिळूनच निघतात.

फोल्डर की शोध

या वादातला पहिला महत्त्वाचा अभ्यास ई-मेलचा नव्हता. १९८३ मध्ये थॉमस मॅलोन यांनी लोक टेबलावरचे कागद कसे ठेवतात ते पाहिले आणि दोन रीती नोंदवल्या : नाव देऊन लावलेल्या फायली आणि नुसते ढीग. ढीग निरुपयोगी नसतात, त्यांच्या जागेवरूनच माणसाला कामाची आठवण राहते, हे त्यांचे निरीक्षण पुढे फार उपयोगी पडले. १९९६ मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि कँडेस सिडनर यांनी ई-मेलच्या ओझ्यावर लेख लिहिला. त्यात तीन प्रकारची माणसे आहेत : फोल्डर न करणारी, नियमित लावणारी आणि काही महिन्यांनी एकदा साफसफाई करणारी. इनबॉक्स ही नुसती पत्रपेटी नाही, करायच्या कामांची यादी आणि जुन्या कागदांचे कपाटही तीच आहे, हा त्यांचा मुद्दा आजही खरा आहे.

शोधाच्या बाजूने सर्वांत जास्त उद्धृत होणारा पुरावा व्हिटेकर आणि सहकाऱ्यांच्याच २०११ च्या अभ्यासात आहे. त्यांनी ३४५ वापरकर्त्यांनी जुने मेल पुन्हा शोधण्याच्या ८५ हजारांहून अधिक कृती तपासल्या. फोल्डर उघडून शोधायला सरासरी ५८ सेकंद लागत होते, शब्द देऊन शोधायला १७. खूप फोल्डर करणाऱ्यांना त्या कष्टाचा मोबदला मिळत नव्हता, त्यांचे यश इतरांपेक्षा वाढलेले दिसले नाही. एका विषयावरची उत्तरे-प्रत्युत्तरे एकत्र बांधून दाखवणारी साखळी मात्र उपयोगी ठरली.

फोल्डरच्या बाजूचे लोक दोन गोष्टी सांगतात. ओफर बर्गमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये संगणकावरच्या फायलींबाबत दाखवले की शोधाची साधने सुधारली तरी माणसे जागेवर जाऊन फाइल उघडणेच पसंत करतात आणि नेमके कुठे ठेवले ते आठवेना तेव्हाच शोधाकडे वळतात. दुसरी गोष्ट कार्यालयीन आहे. शोधण्यासाठी काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते. ज्याने पत्रव्यवहार केला त्याला ते माहीत असते, पण बदली होऊन नव्याने आलेल्या माणसाला नसते. 'पुनर्वसन – पवनी' असे फोल्डर समोर दिसले तर असा काही विषय चालू आहे एवढे तरी त्याला कळते. शोधाची रिकामी चौकट त्याला काहीच सांगत नाही. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. २०११ चा अभ्यास एका प्रायोगिक मेल-प्रणालीवर, स्वतःचाच पत्रव्यवहार शोधणाऱ्या माणसांचा होता. दुसऱ्याने मागे ठेवलेला इनबॉक्स हाती आलेल्या माणसाला तो तसाच लागू होत नाही.

मध्यममार्गही आहे. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टी पुन्हा शोधण्याचे एक साधन बनवून पाहिले. माणसाला नेमका मजकूर आठवत नसला तरी तो कोणाकडून आला आणि साधारण कधी आला हे आठवते, असे त्यात दिसले. म्हणजे माणूस आणि काळ हे दोन धागे पक्के, शब्द कच्चा. हे मराठी इनबॉक्सच्या बाबतीत तर दुपटीने खरे आहे.

मराठीची अडचण

वर सांगितलेली बहुतेक मांडणी इंग्रजी मजकूर गृहीत धरते. भंडाऱ्यात तीच रीत वापरायला गेले की कशी अडते, ते एका प्रकल्पाच्या नावावरून पाहू. पवनी तालुक्यात वैनगंगेवर मोठे धरण आहे. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले. भूसंपादन, पुनर्वसन, मोबदला, पाणीवाटप यांचा पत्रव्यवहार त्या काळापासून चालू आहे. या प्रकल्पाला कोणी गोसेखुर्द लिहितो, कोणी गोसीखुर्द, कोणी इंदिरा सागर. इंग्रजीत तीच नावे पुन्हा वेगवेगळ्या अक्षरांनी, कधी जोडून, कधी तोडून लिहितात. पवनी हे नाव इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहिलेले दिसते, लाखनी दोन. प्रकल्पग्रस्त कुटुंबाचा अर्ज ज्या मेलमध्ये आहे तो यांतल्या कोणत्या रूपाखाली दडला आहे, हे फिल्टरला सांगता येत नाही.

त्यानंतर विभक्ती येते. 'भंडारा' शोधले तर 'भंडाऱ्यातील', 'भंडाऱ्याला', 'भंडाऱ्याचे' ही रूपे हुकण्याची शक्यता मोठी, कारण सूचीत ते वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत शब्द बहुधा तसाच राहतो आणि आधी एखादे अव्यय येते. मराठीत शब्दाचे अंगच बदलते. साकोलीचे 'साकोलीतील' झाले तर सुरुवात तरी शाबूत राहते, भंडाऱ्यात तीही राहत नाही.

तिसरा अडसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत त्रासदायक. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारे साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात तिसरे रूप भेटते, 'शेतक-यांना', मध्ये आडवी रेघ. धानाच्या जिल्ह्यात ज्या शब्दावाचून एकही परिपत्रक पुरे होत नाही त्याचीच ही अवस्था आहे. 'ॲ' या अक्षराचेही असेच. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी आणि त्यानंतरही अनेक कळफलक 'अ'ला चंद्र जोडून ते बनवतात. त्यामुळे अलीकडे शेतकरी ओळख क्रमांकाच्या निमित्ताने गावोगाव पोहोचलेला 'ॲग्रीस्टॅक' हा शब्द एका मेलमध्ये सापडतो, दुसऱ्यात नाही, आणि शोधणाऱ्याला कारण कळत नाही. अंकही दोन : मराठी २०२४ आणि इंग्रजी 2024. जावक क्रमांक शोधताना दोन्ही रूपांत शोधावे लागते.

आणि हे सगळे मजकूर खराच मजकूर असेल तेव्हाचे. कार्यालयीन मेलची रूढ घडण अशी असते : विषयाचा रकाना रिकामा किंवा त्यात नुसते 'पत्र', आत 'सोबत जोडले आहे' एवढीच ओळ, आणि जोडपत्र म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचे स्कॅन. त्या कागदावर 'विषय' आणि 'संदर्भ' हे दोन रकाने व्यवस्थित भरलेले असतात. शोधण्यासाठी याहून चांगली सामग्री नाही. पण ती चित्रात बंद आहे. चित्रातली अक्षरे ओळखणारी यंत्रणा नसेल तर सूचीत काहीच जात नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून बनवलेल्या पीडीएफची कथा आणखी वाईट. तिच्यात मजकूर आहे असे यंत्राला वाटते, पण तो इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका असतो.

या प्रश्नावर दोन मते आहेत. भाषातंत्रज्ञानातली मंडळी म्हणतात की हे यंत्राचे काम आहे. निरनिराळी रूपे एकत्र आणणे, विभक्ती सोडवून मूळ शब्द काढणे, स्कॅनमधली देवनागरी वाचणे, हे सर्व शक्य आहे आणि काही सेवांत अंशतः होतही आहे. लिपिकाने कळफलकाचे शास्त्र शिकावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. प्रशासनातली अनुभवी मंडळी म्हणतात की यंत्र सुधारेपर्यंत थांबता येत नाही. पाठवणाऱ्याने युनिकोडमध्ये लिहावे, कागदावरचा विषय मेलच्या विषयात उतरवावा, फाइलला नाव द्यावे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आजच्या स्थितीत माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. मेल सापडणार की नाही, हे बहुतांशी तो लिहिणाऱ्याच्या हातून ठरते. शोधणारा फार उशिरा येतो.

दरम्यान शोधणाऱ्याने पाकिटावरचे फिल्टर आधी लावावेत, शब्दाचे नंतर. समजा २०२३ च्या उन्हाळ्यात पाटबंधारे कार्यालयाकडून आलेले एक पत्र हवे आहे. प्रकल्पाचे नाव टाकू नये. त्या कार्यालयाचा पत्ता प्रेषकाच्या रकान्यात द्यावा, १ मार्च ते ३० जून ही मुदत द्यावी, जोडपत्र असलेलेच मेल मागावेत. शेकडोंचे वीस-पंचवीस उरतात आणि तेवढे डोळ्यांनी पाहता येतात. पत्ता, तारीख आणि जोडपत्र यांना ना विभक्ती लागते ना जोडाक्षर. एकच खबरदारी : पुष्कळ लोक नवा विषय सुरू करताना जुना मेल उघडून त्यालाच उत्तर देतात. मग धान भरडाईचे पत्र शिबिराच्या साखळीत जाऊन बसते. साखळीच्या नावावर विसंबू नये.

शोध आणि नागरिकाचा हक्क

इथवर हा सोयीचा प्रश्न होता. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्काचा झाला. त्या कायद्याच्या कलम २ मधील 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्ज आला की सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ नुसार जपून ठेवायची इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे, आणि ती कोठून आली, कोठे गेली, कोणत्या तारखेस व वेळेस, हा तपशीलही राहिला पाहिजे. फिल्टर ज्या रकान्यांवर चालतात तेच हे रकाने. मेल छापून फायलीला लावला आणि मूळ मेल पुसून टाकला, तर शोधण्याची ही सोयही त्याबरोबर जाते.

'सापडत नाही' हे उत्तर पुरेसे आहे का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात म्हटले की जी माहिती कधी काळी कार्यालयाकडे होती ती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येत नाही, तिचा कसून शोध घेतला पाहिजे. हे कागदांबद्दल समजायला सोपे आहे. मेलच्या बाबतीत कसून शोध म्हणजे काय? एक शब्द टाकून पाहिला की झाले, की नावाची सगळी रूपे, स्पॅम, ट्रॅश, आधीच्या अधिकाऱ्याचा काळ, हे सर्व पाहायचे? माहिती अधिकाराचे कार्यकर्ते दुसऱ्या बाजूला आहेत आणि कोणते निकष लावून शोधले ते उत्तरात लिहावे, असे त्यांच्या भूमिकेतून निघते. अधिकाऱ्यांची अडचण अशी की 'अमुक काळातले सगळे मेल द्या' असा अर्ज आला तर शोध मिनिटांत होतो, पण प्रत्येक मेल वाचून इतरांची खासगी माहिती झाकण्यात दिवस जातात. ही तक्रार खरी आहे. तिच्यावर अर्जाचाच आवाका फिल्टरच्या भाषेत मांडणे हा एक उपाय दिसतो : कोणते कार्यालय, कोणता काळ, कोणता विषय.

यंत्राला विचारण्याचा नवा मार्ग

गेल्या दोन-तीन वर्षांत फिल्टर न लावता साध्या वाक्यात विचारण्याची सोय आली आहे. जीमेलमध्ये २०२४ पासून जेमिनी हे साधन काही ग्राहकांसाठी असे प्रश्न घेऊ लागले. समर्थकांच्या मते मराठीच्या वर सांगितलेल्या अडचणी यानेच सुटतील, कारण हे यंत्र अक्षरे जुळवत नाही, अर्थ पाहते, त्यामुळे गोसे आणि गोसी यांचा भेद त्याला अडत नाही. साशंक मंडळींचा मुद्दा असा की फिल्टर काय केले ते दाखवतो, इथे यंत्राने काय वगळले ते कळत नाही, आणि सगळा पत्रव्यवहार यंत्राला वाचायला द्यावा लागतो. मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या सेवांना तर साधा शब्दशोधही महाग पडतो. प्रोटॉन मेलने २०२२ मध्ये मजकुरातला शोध आणला तो वापरकर्त्याच्याच संगणकावर सूची बनवून. न्यायालयात किंवा माहिती आयोगासमोर उभे राहायचे असेल तर आज तरी फिल्टरचाच शोध सांगता आणि पुन्हा करून दाखवता येतो.

अजून न सुटलेले

केंद्र सरकारच्या २०१४ च्या ई-मेल धोरणाने पदनामाच्या पत्त्याची शिफारस केली. माणूस बदलला तरी पत्ता आणि त्यातला पत्रव्यवहार पुढच्याकडे जावा हा हेतू. हस्तांतराच्या वेळी चाव्या, रोकड, नोंदवह्या यांची यादी होते. इनबॉक्समधली लेबले, चालू नियम, महत्त्वाच्या साखळ्या यांची यादी कोणी कोणाला द्यायची, याला तशी सर्वमान्य रीत नाही. ई-ऑफिसमध्ये नस्तीवर घेतलेला मेल अभिलेख, आणि न घेतलेला काय, यावर मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो की प्रत्येक मेल नोंदच आहे. दुसरा म्हणतो की सहा गठ्ठ्यांतला शेवटचा गठ्ठा इथेही लागू व्हावा, ज्याचे महत्त्व संपले ते ठरल्या मुदतीत नष्ट व्हावे, नाहीतर शोधाच्या निकालात निरुपयोगी मेलच वर येतील.

सर्वांत खालच्या पातळीवर हा प्रश्न आणखी कठीण आहे. ग्रामपंचायत, सेवा सहकारी संस्था, खासगी शाळा यांचे काम अनेकदा कोणाच्या तरी वैयक्तिक पत्त्यावर चालते. सचिव बदलला की पासवर्ड जातो, आणि त्यासोबत धानाच्या चुकाऱ्याचे, शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे मेल जातात. तिथे फोल्डर करा किंवा फिल्टर लावा, शोधायला खातेच हाताशी नसते. संस्थेच्या नावाचे कायम खाते, ते उघडू शकणाऱ्या दोन जबाबदार व्यक्ती आणि मेलच्या विषयात कागदावरचाच विषय, या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. त्या सक्तीच्या कराव्यात की शिकवून रुजवाव्यात, एवढ्यावर प्रशासनात एकमत व्हायचे आहे.